धरमपेठेतल्या थेरपी क्लिनिकची साइट : कामाच्या नोंदी

२८ जुलै २०२५

काम पक्कं झालं. धरमपेठेत एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडम स्वतःची प्रॅक्टिस चालवतात. त्यांची वर्डप्रेसमधली जुनी साइट मोडीत काढून नवी करायची आहे, मराठी आणि इंग्रजीत, हिंदी नंतर. फोनवर मॅडमनी अट घातली ती अशी : "साइट पाहून कोणी घाबरू नये, आणि साइटमुळे कोणी घरात पकडलं जाऊ नये." पहिला भाग सगळेच क्लायंट कुठल्या ना कुठल्या शब्दांत सांगतात. दुसरा मी पहिल्यांदाच ऐकला, म्हणून जसाच्या तसा लिहून ठेवतोय. अर्धी रक्कम अ‍ॅडव्हान्स मिळाली.

३१ जुलै

क्लिनिक पाहून आलो. साइटचा मजकूर टेबलावर बसून नाही लिहिता येत, जागा पाहावी लागते.

वेस्ट हायकोर्ट रोडवरून आत वळलं की बेकरीच्या बाजूला जिना, पहिला मजला. खाली बोर्डावर फक्त मॅडमचं नाव आणि पदवी. "मानसोपचार", "समुपदेशन केंद्र" वगैरे काही नाही, आणि हे मुद्दाम. आत बाहेरच्या खोलीत दोनच खुर्च्या, त्याही एकमेकींकडे तोंड करून नाहीत. रिसेप्शनला काकू बसतात. "बसा जी, मॅडम आतमंधी हायेत." पन्नास मिनिटांचं सेशन, मग पंचवीस मिनिटं कोणी नाही. मला वाटलं मॅडम नोंदी लिहीत असतील. काकू म्हणाल्या, "एक गेला की मंगच दुसरा येते. जिन्यात गाठ पडली नाही पाह्यजे. नागपूर केवढंही वाढलं तरी कोणी ना कोणी मावसभाऊ निघतेच." म्हणजे बुकिंगच्या सॉफ्टवेअरला ही पंचवीस मिनिटं कळली पाहिजेत. तयार कॅलेंडरं सलग वेळा विकायलाच बसलेली असतात, त्यांना हे आवर्जून सांगावं लागतं.

काकूंना विचारलं, फोन करणारे काय विचारतात? पत्ता नेमका कुठे, लिफ्ट आहे का, फी किती, गोळ्या देता का. आणि मग आवाज खाली आणून : "बाहेर मोठा बोर्ड आहे का?" होमपेजचा आराखडा मला इथेच मिळाला. ह्या पाच प्रश्नांची उत्तरं पहिल्या स्क्रीनवर, मॅडमचा परिचय त्याखाली.

बोर्डाचा प्रश्न बाहेरगावच्या डिझायनरला कळणार नाही. आपल्या गावात कोराडी रोडवरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाजवळचा चौक आजही रिक्षावाल्याला "पागलखाना चौक" म्हणूनच सांगावा लागतो. ते रुग्णालय १८६४ पासूनचं, आणि "याले पागलखान्यात टाका" ही थट्टा ऐकतच आम्ही सगळे शाळेत गेलो. धरमपेठेतला साधा बोर्ड वाचतानाही माणसाच्या डोक्यात तो चौक असतो.

४ ऑगस्ट

जुनी साइट उघडून पाहिली. बनवणाऱ्यानं बहुधा दाताच्या दवाखान्याची थीम घेतली होती. डोकं धरून खिडकीशी बसलेल्या बाईचा फोटो, बाजूला उड्या मारणारा चॅटचा बुडबुडा, गुगलचा नकाशा, आणि सगळ्यात आत फेसबुकचा पिक्सेल. मॅडमना त्याचा पत्ताच नव्हता. कधीतरी जाहिरात करायची म्हणून टाकला आणि राहून गेला.

पिक्सेल काय करतो ते मॅडमना समजावलं. कोणी "नैराश्य" हे पान उघडलं की त्या पानाचा पत्ता जाहिरात कंपनीकडे जातो. तोच माणूस त्याच ब्राउझरमध्ये त्या कंपनीच्या खात्यात लॉगिन असेल तर दोन्ही गोष्टी जुळू शकतात. अमेरिकेत ऑनलाइन थेरपी देणाऱ्या बेटरहेल्प कंपनीवर हेच शेकलं. वापरणाऱ्यांचे ईमेल आणि आरोग्याच्या प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅटसारख्यांना जाहिरातींसाठी दिल्याबद्दल तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. मॅडमनी एवढंच विचारलं, "आज काढता येईल का?" जेवायच्या आधी काढून टाकला. नवी साइट येईल तेव्हा येईल.

पाहणारे किती आले हे मोजायचं का? मोजू नये असं माझं मत. मॅडमना महिन्याला किती फोन आले ते काकूंच्या वहीत दिसतं, आणि ते खरे आकडे आहेत.

५ ऑगस्ट

डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, जुन्या बनवणाऱ्याच्या खात्यात अडकलंय. ट्रान्सफरचा कोड मागितला तर "पाहतो" म्हणाला. नागपुरी "पाहतो" म्हणजे काय ते नागपूरकरांना सांगायला नको. मॅडमकडे दरवर्षीच्या नूतनीकरणाच्या पावत्या आहेत, त्या जोडून त्यांच्याच ईमेलवरून लेखी मागणी करायला लावली.

८ ऑगस्ट

आज दिवसभर फक्त फॉर्म.

जुन्या फॉर्ममध्ये नाव, वय, फोन, ईमेल, पत्ता, "तुमची समस्या सविस्तर लिहा" असा मोठा चौकोन, आणि "याआधी आत्महत्येचा विचार आला आहे का?" असा हो-नाहीचा प्रश्न होता. हे सगळं वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये साठत होतं. शिवाय एक प्रत जीमेलवर जात होती आणि तो जीमेल काकूंच्या फोनवरही उघडा. मॅडम म्हणाल्या, लोक त्या चौकोनात पानंच्या पानं लिहितात. रात्री दोनला लिहितात, आणि लिहिताना समोर कोणीतरी वाचणारं आहे असं धरून चालतात.

आत्महत्येचा प्रश्न विचारून उत्तर इनबॉक्समध्ये पडू देणं मला सगळ्यात धोक्याचं वाटलं. कोणी "हो" लिहिलं आणि मेल सोमवारी उघडला, तर? ज्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याच क्षणी काही करता येत नाही तो फॉर्मनं विचारू नये. मॅडमचं म्हणणंही तेच, पण एक पाऊल पुढे : तो प्रश्न त्या विचारतातच, समोर बसवून, कारण विचारल्यानं विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. फक्त तो विचारायला माणूस पाहिजे.

मग फॉर्म उरला तो असा. कोणत्या नावानं हाक मारू (खरं नाव पाहिजे असं नाही). फोन नंबर. कोणत्या वेळेत फोन केला तर चालेल. दुसऱ्यानं फोन उचलला तर काय सांगू : काहीच सांगू नका, की "मॅडमकडून फोन होता" म्हणू? स्वतःसाठी की मुलासाठी. बस.

फोनच्या वेळेचा प्रश्न काकूंनी घालायला लावला. एका मुलीला त्यांनी संध्याकाळी फोन केला, उचलला सासूनं. काकू प्रसंगावधानी, "पार्लरमधून बोलून राहिली" म्हणाल्या. मॅडमना ते आवडलं नाही. खोटं बोलायची वेळच का यावी, म्हणून हा प्रश्न.

"मुलासाठी" निवडलं तर खाली सूचना येते की पहिल्या भेटीला पालक लागतील. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. नियमांचा मसुदा जानेवारी २०२५ मध्ये आला, ऑगस्टपर्यंत अंतिम झाला नव्हता. पण आपण मुलाची काही माहितीच घेतली नाही तर सांभाळायलाही काही नाही.

९ ऑगस्ट

फॉर्म जातो कुठे, हा कालचा उरलेला भाग. डेटाबेस ठेवायचाच नाही. पूर्ण साइट ह्यूगो नावाच्या साधनात, नुसती आधीच तयार केलेली स्थिर पानं. फॉर्मचा मजकूर एका छोट्या स्क्रिप्टमधून क्लिनिकच्या वेगळ्या मेलवर जाईल आणि सर्व्हरवर काही राहणार नाही. काकू वहीत उतरवून मेल पुसतील. मेल फक्त क्लिनिकच्या कॉम्प्युटरवर उघडेल, कोणाच्या फोनवर नाही.

माझा पार्टनर म्हणाला, वर्डप्रेस ठेव, मॅडमना स्वतः मजकूर बदलता येईल. त्याचं बरोबर आहे, पण मॅडम वर्षातून दोनदा फी बदलतील, तेवढं मी करून देईन. त्याला फिनलंडचं उदाहरण दिलं. वास्तामो म्हणून तिथे मानसोपचार केंद्रांची साखळी होती. त्यांच्या सर्व्हरवरून रुग्णांच्या सेशनच्या नोंदी चोरीला गेल्या आणि ऑक्टोबर २०२० मध्ये थेट रुग्णांनाच मेल आले : दोनशे युरोंचे बिटकॉइन भरा, नाहीतर सगळं उघड करतो. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली. चोराला २०२४ मध्ये सहा वर्षं तीन महिन्यांची शिक्षा झाली, पण नोंदी काही परत आल्या नाहीत. मॅडमच्या सेशनच्या नोंदी कागदावर, कुलुपात आहेत. तिथेच राहू द्या.

१२ ऑगस्ट

डोमेनचा कोड आला. सोबत एक लांबलचक नाराजीचा मेलही आला, त्याला उत्तर दिलं नाही.

१४ ऑगस्ट

"घरात पकडलं जाऊ नये" ह्या अटीचा खरा अर्थ आज कामात उतरला.

घरातला फोन एकाचा नसतो. मुलगी आईच्या फोनवर शोधते, नवरा बायकोच्या फोनवर पावती पाहतो. ब्राउझरच्या हिस्ट्रीत राहतात दोन गोष्टी, पानाचं शीर्षक आणि पत्ता. जुन्या साइटवर प्रत्येक त्रासाचं वेगळं पान होतं : नैराश्य, पॅनिक अटॅक, वैवाहिक समस्या, व्यसन. गुगलमध्ये वर यायला ते चांगलं, पण हिस्ट्री उघडली की कोण काय वाचत होतं ते एका ओळीत कळतं.

तोडगा असा की होमपेजचं शीर्षक शोधणाऱ्यासाठी, आतल्या पानांचं वाचणाऱ्यासाठी. होमपेजवर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, धरमपेठ, नागपूर" पाहिजेच, नाहीतर सापडणार कसं? आत मात्र प्रत्येक पानाचं शीर्षक फक्त मॅडमचं नाव. सगळे त्रास एकाच पानावर, मिटलेल्या पट्ट्यांमध्ये. पट्टीवर बोट ठेवलं की मजकूर खाली उघडतो, पत्ता बदलत नाही. ह्याला जावास्क्रिप्टही लागत नाही, एचटीएमएलमध्येच सोय आहे. साइट गुगलमध्ये वर आणून देणारा एसईओवाला मित्र कपाळाला हात लावेल. लावू दे.

व्हॉट्सअ‍ॅपचं बटण : आधी लिहून ठेवलेला मजकूर "मला समुपदेशन हवे आहे" असा होता. तो आता "नमस्कार, वेळ हवी होती." असा आहे. कोणी लिंक पुढे पाठवली तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जे कार्ड दिसतं त्यावरही नाव आणि जिन्याचा फोटो, बाकी काही नाही.

घरातल्या हिंसेबद्दलची पट्टी मात्र वेगळ्या पानावर नेली, कारण तिथे "लगेच बाहेर पडा" हे बटण ठेवायचं होतं. ते दाबलं की हवामानाचं पान येतं आणि फोनचं मागे जायचं बटण दाबूनही ते पान परत येत नाही. पण ब्राउझरच्या हिस्ट्रीतून नोंद जात नाही, ती कुठलीही वेबसाइट पुसू शकत नाही. हे त्या पानावर सरळ लिहिलंय, हिस्ट्री कशी पुसायची आणि इन्कॉग्निटो कसं उघडायचं हेही. नुसतं बटण ठेवून बाईला खोटा भरवसा देण्यापेक्षा न ठेवलेलं बरं. खाली महिला हेल्पलाइन १८१ आणि तातडीच्या मदतीचा ११२.

पैशांचंही तेच. काकू सांगत होत्या, एक कॉलेजचा पोरगा रोखच देतो, कारण यूपीआयच्या नोंदी वडील पाहतात. क्यूआर कोड स्कॅन केला की "मेंटल हेल्थ क्लिनिक" असं नाव यायचं. मॅडम बँकेत जाऊन ते स्वतःच्या नावावर करून घेणार आहेत. हे वेबसाइटचं काम नाही, पण पानावर "पावतीवर काय दिसेल" अशी एक ओळ टाकतोय.

१८ ऑगस्ट

फॉन्ट. पुण्याहून डिझाइन आलं, सुंदर आहे, पण मथळ्यांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं. इंग्रजीत देखणं दिसतं. मराठीत शिरोरेषाच तुटते आणि "समुपदेशन" कपलिंग सुटलेल्या डब्यांसारखं विखुरतं. देवनागरीला अंतर शून्य आणि ओळींमधली जागा जास्त, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. पानाची भाषा मराठी म्हणून घोषित केली, म्हणजे फॉन्टात सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात. मॅडमच्या आईंना पहिला मसुदा दाखवला तेव्हा "हे हिंदी पुस्तकासारखं काहून दिसते?" असं त्यांनीच विचारलं होतं. डोळा तयार असलेल्या माणसाला कारण माहीत नसलं तरी खटकतं.

फॉन्ट गुगलच्या सर्व्हरवरून न मागवता आपल्याच सर्व्हरवर ठेवला. तिकडून मागवला की पाहणाऱ्याचा आयपी पत्ता गुगलकडे जातो. म्युनिकच्या कोर्टानं जानेवारी २०२२ मध्ये एवढ्याच कारणावरून एका साइटवाल्याला शंभर युरो भरपाई द्यायला लावली होती. आपल्याकडे कोणी कोर्टात जाणार नाही, पण साइट उघडताना बाहेरच्या सर्व्हरकडे एकही विनंती जात नाही हे मॅडमना छातीठोक सांगता येतं. कुकी नाहीत, म्हणून कुकीची ती चिडचिडी पट्टीही नाही.

नकाशा हातानं काढला. शंकरनगर मेट्रो स्टेशन, तिथून चालत, बेकरी, जिना. मागच्या गल्लीतूनही वर येता येतं, तो रस्ता तुटक रेषेनं. मॅडम म्हणाल्या, पुष्कळांना तोच लागेल.

२३ ऑगस्ट

मारबत, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची पुतळ्यांची मिरवणूक. महाल भागात राहून आज काम करणं शक्य नाही. काळी आणि पिवळी मारबत निघाल्या, रस्ता बंद, "घेऊन जा गे मारबत" कानात घुमतंय. बडग्ये, म्हणजे मिरवणुकीतले टिंगलीचे पुतळे, पाहायला खाली उतरलो. सुट्टी.

२६ ऑगस्ट

मजकुरावर मॅडमशी लांब बैठक.

"डॉ." लावायचं नाही, पीएचडी नाही आणि त्या एमबीबीएसही नाहीत. काकू मात्र "डॉक्टर मॅडम"च म्हणतात. परिचयात एम.फिल. आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ही नोंदणी लागते आणि परिषदेच्या यादीत ती कोणालाही तपासता येते. तिथे कसं पाहायचं ह्याची एक ओळ आपणच दिली. दोन महिन्यांचा कोर्स करून "काउन्सेलर"ची पाटी लावणाऱ्यांच्या गर्दीत ही ओळ कामाची. गोळ्यांबद्दल : "मी औषधं देत नाही. गरज वाटल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते." काकूंचे निम्मे फोन वाचतील.

गोपनीयतेच्या पानावर मी नेहमीप्रमाणे "तुमची माहिती शंभर टक्के गुप्त" लिहिलं होतं, साइटवाले लिहितात तसं. मॅडमनी खोडलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात गोपनीयतेचा हक्क आहे आणि त्याचे अपवादही आहेत : जिवाला धोका असेल, कोर्टाचा आदेश असेल. आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते कळवणं बंधनकारक आहे, थेरपिस्टलाही. हे आधी सांगितलं नाही आणि मुलीनं विश्वासानं सगळं बोलल्यावर सांगितलं, तर तिला ती फसवणूकच वाटेल, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून मोठ्या अक्षरांत, पहिल्याच परिच्छेदात, वकिली भाषा टाळून. मला वाटलं ह्यानं लोक बिचकतील. मॅडम म्हणाल्या, "बिचकले तर फोन करून विचारतील. ते बरं."

फी लिहायची की नाही यावर वाद झाला. मॅडमना संकोच. मी हटून बसलो, कारण फी विचारायला फोन करणं ज्याला जड जातं तोच माणूस फोन करत नाही. लिहिली. आठवड्यातल्या दोन वेळा विद्यार्थ्यांसाठी कमी फीमध्ये, तेही लिहिलं.

प्रत्येक पानाच्या तळाशी : "ही साइट तातडीच्या मदतीसाठी नाही. आत्ताच बोलायचं असेल तर टेली-मानस, १४४१६, चोवीस तास, मोफत." केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे आणि मराठीतही बोलतात. नंबरवर बोट ठेवलं की थेट डायलर उघडतो. फॉर्म पाठवल्यावर जे पान येतं त्यावर हीच ओळ तळाला नाही, सगळ्यात वर.

१ सप्टेंबर

गुगलवरचे रिव्ह्यू. क्लिनिकच्या नावाखाली मोजकेच आहेत, पण आधी कोणीतरी मॅडमच्या वतीनं उत्तरं देऊन ठेवलीत : "धन्यवाद, तुमची प्रगती छान आहे, येत राहा." म्हणजे फलाणा माणूस थेरपीला येतो हे क्लिनिकनंच जगजाहीर केलं! त्यानं स्वतः लिहिलं तो त्याचा प्रश्न, आपण दुजोरा द्यायचा नाही. उत्तरं काढली. वाईट रिव्ह्यू आला तरी नियम तोच, मग तो कितीही खोटा असो. हॉटेलवाल्यांना मी ह्याच्या उलट सल्ला देतो. साइटवर "क्लायंट काय म्हणतात" हा भागही नाही. येणाऱ्याकडे मॅडमनीच चार ओळी मागितल्या तर तो नाही कसा म्हणणार?

५ सप्टेंबर

चाचणी काकूंच्या फोनवर. त्यांनी अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवलीत आणि स्क्रीनला कोपऱ्यात तडा आहे. "वेळ घ्या" बटण दोन ओळींत मोडलं आणि "घ्या" खालच्या पट्टीमागे गेलं. ठीक केलं. मग दुपारी एकच्या उन्हात गॅलरीत उभं राहून वाचायला लावलं. फिकट हिरव्यावरची करडी अक्षरं गायब. कॉन्ट्रास्ट ४.५ ला १ हा किमान दंडक ती कशीबशी पार करत होती, पण नागपूरच्या उन्हाला तो माहीत नाही. अक्षरं जवळपास काळी केली. पुण्याचा डिझायनर हळहळला.

काकूंचा शेरा : "फोटोत जिना दिसते ते बरं केलं. लोकं खाली उभे राहून फोन करतात, येऊ का नको येऊ." तो फोटो मोठा केला.

१२ सप्टेंबर

जुनी साइट उतरवली, नवी चढवली. जुन्या पानांचे पत्ते सगळे होमपेजवर वळवले. जुना डेटाबेस मॅडमच्या समोर पुसला, बॅकअपसकट. त्यात काही वर्षांचे ते मोठे चौकोन होते. मी वाचले नाहीत, मॅडमनीही नाही.

१९ सप्टेंबर

हस्तांतर. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही मॅडमच्या ईमेलवर, त्यांच्याच कार्डवर. माझ्याकडे फक्त मजकूर बदलण्यापुरता प्रवेश, तोही त्या केव्हाही काढू शकतात. पासवर्ड कागदावर, नोंदींच्याच कपाटात. काकूंनी दसऱ्याच्या सुट्टीच्या तारखा स्वतः टाकून पाहिल्या. पंचवीस मिनिटांची मोकळी जागा कॅलेंडर पाळतंय. हिंदी मजकूर मॅडम दिवाळीनंतर देणार, त्याचा हिशोब वेगळा. उरलेली रक्कम आज जमा झाली.